मालक येईपर्यंत

बुधाजीच्या नीलेशला लग्नानंतर कैक वर्षांनी मुलगी झाली, तिचं नाव जागृती ठेवलं, आणि बारशाच्या घुगऱ्या वाटून होतात न होतात तोच बुधाजीनं कडावच्या गोठ्यातल्या सगळ्या म्हशी विकल्या. त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी पौषात, एका रविवारी दुपारी, चौक गावाकडून कर्जतला येणाऱ्या रस्त्याच्या आत एका रिसॉर्टात सगळी जेवायला बसलेली असताना बुधाजीच्या अंगावर कोंबडीच्या रश्श्याची बादली कलंडली, आणि शेजारच्या पाटावर बसलेली त्याची बायको, अंबूबाई, मनातून हरखून गेली.

नवऱ्याच्या अंगावर रस्सा सांडल्यावर कुठली बायको हरखेल? पण अंबूबाईला रस्सा आधी दिसलाच नाही. आधी ऐकू आला तो आवाज. वाढणारी बाई "अगं आई गं" म्हणाली, बादलीची कडी खणखणली, पलीकडच्या पानावरची कुणी पोरगी किंचाळली, आणि या सगळ्यांच्या वरून, छप्पराच्या पत्र्याला जाऊन आपटेल असा, बुधाजीचा आवाज आला. "बसा! कुनी उठू नका! कुनी जागचं हलू नका!" तो आवाज अंबूबाईच्या पोटातून गेला. हातातला भाकरीचा तुकडा तिनं तसाच धरला. तिचं काळीज असं उडायला लागलं की तिला वाटलं, लुगड्याच्या पदराखाली ते हलताना लोकांना दिसत असेल. श्रावणापासून तिनं हा आवाज ऐकला नव्हता. म्हशी टेंपोत चढवल्या त्या दिवशी तो शेवटचा ओरडला होता, तेही टेंपोवाल्यावर, की दोरी आखूड बांधू नको रं, मान आवळंल तिची. मग गोठा मोडला, कडावच्या घराला कुलूप लागलं, आणि नीलेशनं दोघांना कर्जतला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं. तिथं आल्यापासून बुधाजीचं बोलणं आटलं. आधी कमी झालं, मग नुसतं "हं" उरलं. जेवता का? हं. झोपता का? हं. डॉक्टरनं जीभ बघितली, घसा बघितला, बॅटरी मारून डोळे बघितले आणि सांगितलं, काही झालेलं नाही, डोळ्यांत तेवढा मोतीबिंदू आहे. काही झालेलं नाही हेच अंबूबाईला भिववायचं. झालं असतं तर औषध दिलं असतं. दिवसभर घरात फ्रीज घुरघुरायचा आणि बुधाजी गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचा. माणूस आधी बोलायचा थांबतो आणि मग बाकीचं एकेक थांबतं, हे तिनं आपल्या सासऱ्याच्या वेळी पाहिलं होतं. ती रोज त्याच्या तोंडाकडे बघायची, आटत आलेल्या विहिरीत वाकून बघावं तसं.

आणि आता तो ओरडला होता. अंबूबाईनं वळून पाहिलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गळ्यापासून खाली तांबडा ओघळ होता, मांडीवर कोंबडीची तंगडी पडली होती, केळीच्या पानावरचा भात रश्श्यात तरंगत होता, आणि या सगळ्याच्या मधोमध तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता. डोळे लखलखत होते. मोतीबिंदूचे डोळेसुद्धा.

"बाबा, भाजलं का? उठा, उठा आधी," नीलेश घाईनं म्हणाला.

"तू खाली बस."

"अवो पण कपडे—"

"नीलेश, खाली बस म्हनतो ना! तुझ्या उठन्यानं पंगत उठंल."

नीलेश अर्धा उठलेला तसाच खाली बसला. त्याची बायको हर्षला, मांडीवर जागृतीला घेऊन, सासऱ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिनं सासऱ्याचा हा आवाज कडावला ऐकला होता, पण कर्जतच्या घरात विसरून गेली होती. ओला रुमाल तिनं पुढे केला. "बाबा, निदान मांडीवर तरी ठेवा. चटका बसला असंल."

"बसला नाय. कोमट हाय. ह्यांचा रस्सा कोमटच हाय," बुधाजी म्हणाला, आणि पलीकडच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं.

आता हे हॉटेलातलं जेवण म्हणजे काही खरी पंगत नव्हती, हे अंबूबाईला कळत होतं. नीलेशच्या रसायनीच्या कंपनीनं कामगारांना सुट्टीचं कुपन दिलं होतं म्हणून ते सगळे एका रात्रीसाठी इथं आले होते, घरापासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. आयुष्यात पहिल्यांदाच सुट्टीला, तीही आपल्याच मुलखात. सकाळी गाडीतून उतरून ती हिरवळीवर चालली तेव्हा तिच्या पायांना कळलं की ही भाताची खाचरं आहेत. वरून सगळं सपाट केलेलं, मऊ, मशीननं कापलेलं, पण दर थोड्या पावलांनी जमीन जराशी फुगायची, तिथं बांध होता. बांधावर पाय पडला की तिचा पाय आपोआप जपून पडायचा. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. बुधाजीला सांगावंसं वाटलं, पण तो "हं" म्हणाला असता. मग दुपारी जेवायला बोलावलं तर मोठ्या पत्र्याच्या मांडवाखाली ओळीनं पाट मांडलेले, पुढे केळीची पानं, पानांभोवती रांगोळी, आणि दारात पाटी. हर्षलानं वाचून दाखवली, गावाकडची पंगत. मुंबई-पुण्याची माणसं मांडी घालताना कण्हत होती, हसत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. टेबलं होती बाजूला, गुडघे धरलेल्यांसाठी, पण बुधाजी टेबलाकडे वळलाच नाही. तो सरळ पाटावर जाऊन बसला, पानाभोवती पाण्याचं बोट फिरवलं, आणि अंबूबाईही गुडघ्याला शिव्या देत त्याच्या शेजारी टेकली. म्हणजे चूक म्हटली तर बुधाजीची अशी, की पाटीवर जे लिहिलं होतं ते त्यानं खरं मानलं.

त्यांच्याकडच्या पंगतीची रीतच तशी. वाढताना कुणाच्या पानात नको ते पडलं किंवा अंगावर सांडलं, तर त्यानं जागचं हलायचं नाही. तो उठला की त्याची ओळ उठते, ओळ उठली की मांडव उठतो, आणि यजमानाचं अन्न पडतं. मग पिढ्यान्‌पिढ्या म्हणत राहतात, अमक्याच्या दारात पंगत उठली. म्हणून पान बिघडलेल्यानं बसून राहायचं, बाकीच्यांनी घास हातात धरून थांबायचं, आणि घरच्या यजमानानं स्वतः यायचं, बिघडलेलं पान उचलायचं, नवं मांडायचं, आपल्या हातानं वाढायचं. की पंगत पुढे चालू. माफी नाही, रुसवा नाही. बसून राहणारा यजमानाची अब्रू धरून बसलेला असतो. पण हे ज्याला ठाऊक नाही त्याला काय दिसणार? रश्श्यानं माखलेला एक म्हातारा धरणं धरून बसलाय, एवढंच.

मॅनेजर पळत आला. जगदीश नावाचा, घाटावरचा, काळा कोट घातलेला गडी. "सॉरी आजोबा, व्हेरी सॉरी. तुम्ही उठा, रूमवर चला, फ्रेश व्हा. कपडे आम्ही धुऊन इस्त्री करून देतो."

"मालकाला बोलव," बुधाजी म्हणाला.

"मी आहे ना आजोबा. मी मॅनेजर."

"मॅनेजर मालक असतो का?"

"मालकच समजा मला."

बुधाजीनं मान अंबूबाईकडे वळवली. हल्ली त्याला चेहरे पुसट दिसायचे, दारात कोण आलं ते तिलाच विचारायचा, म्हणजे विचारायचा असं नाही, नुसती मान वळवायचा आणि ती सांगायची. पण आज तो तोंडानं बोलला. "ह्यो मालक का गं?"

आणि इथं अंबूबाईच्या जिभेवर तिचे जन्माचे शब्द आले. ऱ्हाऊ द्या वो. उभ्या आयुष्यात ती दुसरं काय म्हणाली होती? बुधाजी डेअरीत फॅटच्या मशीनवरून भांडला, ऱ्हाऊ द्या वो. कर्जतच्या चहावाल्याशी दुधात पाणी कुणी घातलं यावरून भांडला, ऱ्हाऊ द्या वो. बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, एकदा तर कडावच्या देवळात आरती लांबवली म्हणून गुरवाशी भांडला, आणि ती पदर तोंडाला लावून मागून म्हणत राहिली, लोक बघतात, ऱ्हाऊ द्या वो. त्याचा आवाज खाचरांच्या त्या टोकाहून घरात ऐकू यायचा आणि तिला शरम वाटायची. आवाज बंद झाल्यावर कळलं की त्याच्याच जोरावर ती घरात निर्धास्त वावरायची. आता ते शब्द ओठांशी आले आणि तिनं ते गिळले. गिळताना तिला सगळं स्पष्ट दिसलं. आपण "हो" म्हटलं, की मॅनेजर पान बदलणार, बुधाजी चार घास खाणार, हात धुणार, आणि मग संध्याकाळपासून पुन्हा हं. हे भांडण जितका वेळ चालेल तितका वेळ तो आहे. तिला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती, लहानपणी चिंचेच्या शेंड्यावर चढल्यावर वाटायची तशी.

"नाय," ती म्हणाली. "ह्यो मालक नाय. ह्यो पगारी मानूस."

"मग मालकाला बोलव," बुधाजी मॅनेजरला म्हणाला.

एव्हाना मांडवात कुणाचं जेवणात लक्ष राहिलं नव्हतं. काही जण खरंच घास धरून थांबले होते, काही जण चोरून खात होते. समोरच्या ओळीतली काळा चष्मा डोक्यावर चढवलेली बाई पुढे वाकली. "काका, अजिबात सोडू नका हं. अख्खं बिल माफ करून घ्या. ग्राहक मंचात हे लोक लगेच सरळ येतात."

"बिल कशाचं, ह्यांचं कुपन असेल," तिचा नवरा म्हणाला. "कपड्यांची धुलाई आणि एक गोड पदार्थ. जगात कुठंही गेलात तरी एवढंच देतात. नियमच आहे."

"कुठं लिहिलाय नियम? भाजलं असतं तर? वयस्कर माणूस आहे. एक रात्र फुकट राहायला द्यायला हवी."

"भाजलं नाही ना पण."

"म्हणजे भाजायची वाट बघायची का तुम्ही? तुमच्यासारख्यांमुळेच हे लोक सोकावतात."

नवरा-बायकोचंच जुंपलं. त्याच्या पलीकडचा एक तरुण मोबाईल काढून म्हणाला, "सरळ एक स्टार टाका. फोटोसकट." मॅनेजरनं ते ऐकलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला. तो गुडघ्यांवर बसला. "आजोबा, ऐका. आजचं जेवण सगळं आमच्याकडून. रात्रीच्या जेवणाची, मडक्यातली पोपटी पण आमच्याकडून. पुढच्या महिन्यात अजून एक रात्र फॅमिलीसकट या. सही करून देतो."

"बाबा, बरं बोलतोय तो," नीलेश हळूच म्हणाला. त्याला लाजही वाटत होती आणि एक रात्र आणखी मिळते ते कळतही होतं. "घ्या ना. अजून काय पायजे?"

"पान पायजे!" बुधाजी गरजला. "मी काय भीक मागायला बसलोय? माझं पान बिघडलं, ते पान मांडा! रातीचं जेवन देतो म्हनं. अरं, आत्ताच्या जेवनाचं काय? ह्या सगळ्या मान्सांचा घास आडकलाय तो दिसत नाय का तुला?"

काळ्या चष्म्याची बाई चटकन हातातला घास पानावर ठेवून म्हणाली, "हो हो, आमचाही अडकलाय." तिच्या तोंडात पापड होता.

बादली सांडणारी बाई खांबाला टेकून डोळे पुसत होती. चाळिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाव भाग्यश्री असं तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. पाटाच्या कोपऱ्यावर पाय पडला आणि पाट उचलला, एवढंच झालं होतं. बुधाजीला तिचं हुंदकणं ऐकू आलं.

"ए बाय, तू कशाला रडतंस? इकडं ये. कुठली तू?"

"खोपोलीच्या अलीकडची, बाबा."

"मग तुला रीत ठावं असंल. तुझा काय दोष? जो वाढतो त्याच्या हातनं सांडतं. जो वाढतच नाय त्याच्या हातनं काय सांडनार?"

भाग्यश्रीनं नाक पदराला पुसलं. मग ती मॅनेजरपाशी जाऊन म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू गेलं, "सर, ते उठायचे नाहीत. ते आपल्या हॉटेलसाठीच बसलेत. मालकांना बोलवा. वरच्या बंगल्यात आहेत."

आपल्या हॉटेलसाठी. अंबूबाईनं ते ऐकलं आणि तिला तिच्या बापाचा मांडव आठवला. आठवला म्हणजे अंगावरच आला, हळदीच्या वासासकट. लग्न लागलं होतं, ती शालू सावरत आत बायकांत बसली होती, नवरा अजून धड पाहिलाही नव्हता. बाहेर वराकडची पंगत बसलेली. आणि कुणाच्या तरी हातून वरणाचं पातेलं बुधाजीच्या काकाच्या धोतरावर गेलं. काका मोठा तापट, शिव्या देत उठायला लागला. आत बायकांचे चेहरे पांढरे पडले. अंबूच्या आईनं भिंत धरली. उठला असता तर संपलंच होतं, लग्न लागूनही लागलं नसतं. आणि तेवढ्यात बाहेरून एक तरणा, फाटका, दांडगा आवाज आला, "बस रं काका! कुनी उठू नका! मामांना बोलवा!" अंबूनं शेजारणीला विचारलं, कोण गं हा? शेजारीण म्हणाली, अगं खुळे, तुझा नवरा. मुंडावळ्या बांधलेला नवरा पंगतीत ओरडतो हे कुणी ऐकलं नव्हतं. तिचा बाप पळत गेला, स्वतःच्या हातानं पान मांडलं, आणि आत अंबूच्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. माणूस बघायच्या आधी तिनं आवाज बघितला होता. पुढं सगळा जन्म तिनं त्या आवाजाला म्हटलं, ऱ्हाऊ द्या.

मालक आला. अर्धी चड्डी, टी-शर्ट, कानाला मोबाईल, दाढी कोरलेली, पस्तिशीतला. अजेय त्याचं नाव. चांगल्या घरचा, शिकलेला, आई-वडील दोघं मास्तर होते म्हणे. तो मांडवात शिरला तशी सगळी नोकरमाणसं भिंतीला लागली, मॅनेजरनं कोटाचं बटण लावलं, भाग्यश्रीनं डोक्यावरून पदर घेतला. आंधळ्यालाही कळलं असतं. अजेय बुधाजीसमोर आला आणि फोन खिशात टाकून म्हणाला, "काका, मी मालक. काय सेवा करू सांगा."

बुधाजीनं मान वळवली. "मालक का गं ह्यो?"

अंबूबाईनं त्या पोराकडं पाहिलं. चांगला होता बिचारा. चेहऱ्यावर खरी काळजी होती. तिला वाटलं, झालं, संपलं आता. मग तिला वाटलं, अजून थोडं. अजून थोडंच. आयुष्यात तिनं नवऱ्याला खोटं सांगितलं नव्हतं, त्याच्या तोंडावर तर नाहीच.

"वाटत नाय," ती म्हणाली. "मालक काय चड्डीवर येतो?"

मांडव खदखदला. अजेयचे कान लाल झाले. नीलेशनं कपाळावर हात मारला. "आये, अगं काय बोलतंस!"

"बरोबर बोलते ती," बुधाजी म्हणाला. आवाजाला आता धार आली होती, कडावच्या बाजारातली. "तू मालक ना? मग सांग. ही जमीन कुनाची?"

"माझी. म्हणजे आता माझी."

"आदी कुनाची?"

"सखाराम... सखा ठोंबरे यांची. वडिलांनी त्यांच्याकडून घेतली."

"सख्याची!" बुधाजीनं गुडघ्यावर थाप मारली, रस्सा उडाला. "सख्याची किती, नि त्याच्या चुलत्याची किती? सख्या तर आमच्या म्हशीला वैरन द्यायचा. विहीर होती हितं, काठावर उंबर. कुठं हाय विहीर?"

अजेयनं तलावाकडे बोट केलं. "विहीर... पोहण्याच्या तलावाखाली आहे. बुजवली नाही काका. वरून स्लॅब टाकलाय. अजून त्याच पाण्यावर सगळं चालतं."

"पानी हाय?"

"मे महिन्यातही असतं."

"असनारच!" बुधाजी ओरडला, जणू ते पाणी त्यानंच ठेवलं होतं. आणि मग तो थांबेचना. सख्यानं ती विहीर कशी खणली, खडक लागल्यावर कसा रडला, सुरुंगाला बुधाजीनंच कसा माणूस आणून दिला, पहिलं पाणी लागलं तेव्हा चिखलाचा गोळा तोंडाला लावून सख्या कसा नाचला. मांडवातली माणसं ऐकत होती. अंबूबाई ऐकत होती. यातलं अर्धं तिला ठाऊक होतं आणि अर्धं त्यानं आत्ताच रचलं होतं, हे तिला कळत होतं, आणि तिला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी येऊन समोरची सगळी पानं एकात एक मिसळून हिरवं शेत झाल्यासारखी दिसत होती. शेवटी बुधाजीनं दम खाल्ला आणि म्हणाला, "हां. हाय ह्यो मालक. मालकाशिवाय विहिरीचं पानी कुनाला ठावं असनार? मग आता वाढ."

"मी?"

"मग काय मी? तुझ्या दारात जेवतोय ना?"

अजेयनं चपला काढल्या. भाग्यश्रीनं त्याच्या हातात नवं पान दिलं. त्यानं ते उलटं मांडलं. "देठ कुठं, शेंडा कुठं! शेंडा माझ्या डाव्या हाताला!" त्यानं फिरवलं. भात हातानंच टाकला, ढेकळासारखा. "मूद पाड, वाटीत दाबून! मीठ आदी! अरं, मीठ वाढल्याबिगर भात? तुझ्या आयनं काय शिकवलं रं तुला?" अजेयच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो हसत होता, आणि काळ्या चष्म्याची बाई मोबाईलवर त्याचा फोटो काढत होती. त्यानं रस्सा वाढला तेव्हा बादली भाग्यश्रीनं खालून धरली होती. थेंब सांडला नाही. बुधाजीनं पहिला घास घेतला, चावला, आणि मांडवभर बघून म्हणाला, "जेवा आता." आणि सगळे जेवायला लागले. ज्यांचं जेवण झालं होतं त्यांनीही परत भात घेतला.

अंबूबाईचं आपल्या पानाकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. जेवण संपत आलं. आता हात धुईल. आता उठेल. तो उठला, ओळ उठली. मग नळावर त्याच्या हातावर पाणी घालताना तिनं विचारलं, "दुखतं का मांडीला?" आणि वाट बघितली.

"हं," बुधाजी म्हणाला.

तिनं पुन्हा पाणी घातलं. तो तांब्याकडे न बघता बोटं चोळत होता. मग सदऱ्याच्या टोकाला हात पुसत, तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मालक तर मी आल्या आल्या वळखला. तोंड नाय दिसलं, पन सगळी नोकरमानसं भिंतीला कशी चिकटली, ते नाय दिसत का मला? तू नाय म्हनालीस म्हनून मी बी नाय म्हटलं."

अंबूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मग कशाला एवढं लांबवलंत?"

"तू लांबवलंस, का मी?" तो म्हणाला. "आख्खा जलम ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. आज म्हटलं, ही काय गप बसवत नाय मला. कुठवर बसवत नाय ते बघू."

ती हसली. तोंडाला पदर न लावता हसली, नळाजवळच्या ओल्या फरशीवर उभी राहून, आणि तोही हसला, आणि मागून नीलेश ओरडला की चला आता, जागृती पेंगायला लागली. पण बुधाजी चालला नाही. तो तिथंच उभा राहून त्या पोहण्याच्या तलावाकडे हात करून सांगायला लागला की उंबर इकडं नव्हता, तिकडं होता, आणि त्या उंबराखाली सख्याच्या म्हशीनं एकदा मध्यान्हीला रेडकू घातलं तेव्हा आपण दोघं कसे... आणि अंबूबाई त्याला थांबवत नव्हती.

अंबूबाई त्याच वर्षी फाल्गुनात, रंगपंचमीच्या दिवशी सकाळी, कर्जतच्या घरात वारली. चूल पेटवायचे दिवस सरले होते, गॅसवर चहा ठेवला होता, तो उतू गेला. बुधाजी अजून आहे, आणि बोलतो.